स्स्स्… गाडी काहीतरी सांगतेय!

बोनेटखालून येणारा ‘स्स्स्’ कधी अगदी निरुपद्रवी असतो, कधी एका सैल क्लिपचा असतो, तर कधी थेट जिवाशी गाठ असते. गॅरेज गाठण्याआधी कोणता ‘स्स्स्’ कसला, हे ओळखायचं कसं?

घरातली दहा-बारा वर्षं जुनी हॅचबॅक. तुमचं लायसन्स मात्र नवं कोरं. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर बाबांनी किल्ली हातावर ठेवलेली. मागे तीन दोस्त, पुढे एक, आणि स्पीकरवर फुल आवाजात गाणी. सिग्नलला गाडी थांबते, एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू होण्याआधीच्या त्या दोन सेकंदांच्या शांततेत काहीतरी ऐकू येतं. स्स्स्स्… कुणीतरी फुग्यातली हवा हळूहळू सोडत असल्यासारखं.

आता पुढे काय होतं? मागून एकजण म्हणतो, ‘‘काही नाही रे, आवाज वाढव!’’ दुसरा लगेच मोबाइल काढून व्हिडिओ शोधतो. दहा व्हिडिओ, दहा वेगळी कारणं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजमध्ये जाता आणि सांगता, ‘‘दादा, गाडीतून आवाज येतोय.’’ दादा विचारतात, ‘‘कसला? कधी येतो?’’ यावर तुमच्याकडे उत्तर नसतं. आणि नेमका त्या वेळी आवाजही येत नसतो!

डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हटल्यासारखं आहे हे. कुठे, कधीपासून, जेवणाआधी की जेवणानंतर हे सांगितलं, तर निम्मं निदान तिथेच होतं. गाडीचंही तसंच. ‘स्स्स्’ हा इंजिनाच्या आवाजांमधला त्यातल्या त्यात प्रामाणिक आवाज आहे. तो कधी येतो एवढं नीट पाहिलंत, तर तो कशाचा आहे हे बऱ्याचदा बोनेट उघडण्याआधीच कळतं. त्यासाठी मेकॅनिकल इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन घेण्याची गरज नाही. बारावीची फिजिक्स आणि स्वयंपाकघरातला कुकर पुरेसा आहे.

‘स्स्स्’ होतो तरी का?

खडखड आवाज आला, तर काहीतरी सैल आहे. घरघर आली, तर बहुतेक बेअरिंग. पण ‘स्स्स्’ म्हणजे हवा, वाफ किंवा गॅस एखाद्या बारीक फटीतून जातोय. एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी आणि मधे फट. कुकरची शिट्टी, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, सोड्याची बाटली, सगळीकडे हाच खेळ.

गंमत म्हणजे, गाडीत नेहमी काहीतरी बाहेरच येत असतं असं नाही. पेट्रोल इंजिन आयडलिंगवर असतं, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू, तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्केच दाब उरतो. यालाच मेकॅनिक ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. अशा वेळी एखाद्या रबरी नळीला चीर असेल, तर बाहेरची हवा तिथून आत घुसते. दाबात इतका फरक असला, की त्या फटीत हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोहोचू शकतो. सुईएवढ्या चिरेतून एवढा आवाज कसा येतो, याचं उत्तर हे आहे.

म्हणजे ‘स्स्स्’ ऐकू आला, की मूळ प्रश्न एकच: काय बाहेर पडतंय, किंवा काय आत घुसतंय?

आधी तीन प्रश्न

कागद-पेन घ्या किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा.

पहिला, कधी? इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? गाडी उभी असताना, चढावर, ब्रेक दाबल्यावर, एसी लावल्यावर, की गाडी बंद केल्यानंतर?

दुसरा, कुठून? बोनेटखालून, डॅशबोर्डच्या मागून, पायाजवळून, गाडीच्या खालून, की डिकीच्या बाजूने?

तिसरा, सोबत काय? टेम्परेचरचा काटा वर गेलाय का? कसला वास येतोय? चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय का? पिकअप कमी झालाय? ब्रेक कडक लागतोय?

या तीन उत्तरांवरून पुढचा रस्ता ठरतो. आता एकेक प्रकार पाहू.

सिग्नलला उभं असताना ‘स्स्स्’

पेट्रोल गाडीत सगळ्यात जास्त भेटणारा पाहुणा हाच. व्हॅक्यूमची एखादी नळी निसटलेली, फाटलेली किंवा कडक होऊन तडकलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने रबर वर्षानुवर्षं भाजून निघतं आणि टोकाशी चिरा पडतात. पावसाळ्यात तर आणखी एक उमेदवार असतो, उंदीर! गणपतीचं वाहन आपल्या वाहनात ऊब शोधत येतं आणि जाताना एखादी नळी, दोन वायरी कुरतडून जातं. बोनेटखाली लेंड्या दिसल्या, तर संशयिताचं नाव वेगळं सांगायला नको.

यात बिघडतं काय? एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. हा हिशोब गाडीतला कॉम्प्युटर सेन्सरच्या मदतीने सांभाळत असतो. चिरेतून हवा आत गेली, की हिशोब चुकतो. मग आयडलिंग कधी वर, कधी खाली होतं, गाडी सिग्नलला थरथरते, मधेच बंद पडते आणि अ‍ॅव्हरेजही घसरू शकतो. चेक इंजिनचा दिवा लागला आणि गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, तर बऱ्याचदा ‘पी ०१७१’ हा कोड दिसतो. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लक्षात ठेवा, हा कोड फक्त लक्षण सांगतो, कारण नाही. कोड दिसताच महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकणं, म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे!

ओळखायची खूण: आवाज आयडलिंगला स्पष्ट येतो आणि रेस दिली की क्षणभर कमी होतो. कारण थ्रॉटल उघडला, की व्हॅक्यूम कमी होतो.

गाडी लगेच पेट घेईल किंवा बंद पडेल असं नाही. पण महिनोनमहिने तशीच चालवलीत, तर इंजिन बिनसत जातं. आठवडाभरात दाखवून टाका.

ब्रेकवर पाय ठेवला की ‘स्स्स्’

इथे मात्र कान टवकारा. पायाजवळून आवाज येतोय, ब्रेक दाबून धरला की सतत ‘स्स्स्’ चालू राहतोय आणि पेडल नेहमीपेक्षा कडक लागतंय? मग संशय ब्रेक बूस्टरवर. पेडल आणि ब्रेक यांच्यामधला हा मोठा गोल डबा तुमच्या पायाचा जोर कितीतरी पटीने वाढवतो. पेट्रोल गाडीत बहुधा इंजिनाच्या त्याच व्हॅक्यूमवर तो चालतो. डिझेल गाडीत थ्रॉटलचा हा खेळ नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. बूस्टरच्या आतला पडदा किंवा त्याची नळी लीक झाली, तर ब्रेक लागतो, पण त्यासाठी पायाला प्रचंड जोर लावावा लागतो. समोर अचानक कुणी आडवं आलं, तर तेवढा वेळ मिळत नाही.

याची एक सोपी टेस्ट आहे. सपाट जागी हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन बंद करा. ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं आत गेलं, तर बूस्टर काम करतोय. जराही हललं नाही, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंग करा. पेडल दाबताना होणारा अगदी छोटासा ‘फुस्’ मात्र नॉर्मल आहे.

हाच बूस्टर आणखी एक गोष्ट शिकवतो. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे बहाद्दर प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतात. इंजिन बंद, म्हणजे नवा व्हॅक्यूम बंद. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणावर हे कळून उपयोग नाही.

काटा वर आणि बोनेटमधून वाफ

हा ‘स्स्स्’ सगळ्यात धोकादायक. उन्हाळ्यात घाट चढताना, एसी फुल, गाडीत पाचजण आणि सामान असलं, की जुन्या गाड्यांचा खरा कस लागतो. खंबाटकीत किंवा कसारा घाटात बोनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्याच असतील.

इथे कुकर आठवा. साधं पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकण नेमकं हेच करतं. स्प्रिंगच्या जोरावर ते आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. त्यामुळे कूलंट शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. आता गरम गाडीचं झाकण उघडलंत, तर काय होईल? शिट्टी न पाडता, गॅस न बंद करता, भरलेल्या कुकरचं झाकण ओढल्यासारखं. दाब एका झटक्यात जातो, आतलं पाणी तिथल्या तिथे वाफ होतं आणि उकळत्या कूलंटचा फवारा थेट चेहऱ्यावर येतो. एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा घेते. फडकं धरून, हळूच, ‘फक्त अर्धा आटा’… यातलं काहीही करायचं नाही.

मग करायचं काय? काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला किंवा लाल दिवा लागला (बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो), की एसी बंद करा. हीटर फुल करा, कारण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेनेही बाहेर जाते. घामाघूम व्हाल, पण इंजिन वाचेल. लगेच सुरक्षित जागा बघून कडेला थांबा, पार्किंग लाइट लावा आणि इंजिन बंद करा. सगळ्यांना रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभं करा. वाफ येत असेल, तर ती थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. किमान पाऊण तास जाऊ द्या. चहा घ्या, फोटो काढा, काहीही करा, पण झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ या हेल्पलाइनवर मदत मागता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटच्या पांढऱ्या पारदर्शक टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ रेघा बघा. पातळी कमी असेल, तर कूलंट भरा. जवळ नसेल, तर गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं साधं पाणी चालेल. नंतर ते काढून कूलंट भरून घ्या, कारण नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो. होज पाइप फुगलेला आहे का, क्लिपपाशी हिरवा, गुलाबी किंवा केशरी ओघळ आहे का, गोडसर वास येतोय का, हे तपासा. पाइप फाटलेला असेल, तर पाणी ओतत ओतत पुढे जाऊ नका. सरळ टोइंग. आणि सांडलेलं कूलंट पाण्याने धुऊन टाका. ते विषारी असतं आणि गोड चवीमुळे भटकी कुत्री ते चाटतात.

‘अजून चार किलोमीटर तर आहे, जाऊ ना’ हे वाक्य इथे सगळ्यात महाग पडतं. अती तापलेल्या इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं. मग टाकीत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. जे काम एका होज पाइपात आटपलं असतं, त्यासाठी अख्खं इंजिन खोलावं लागतं. बाबा किल्ली पुन्हा कधी देतील, तो हिशोब वेगळाच!

कुणाला वाफेने भाजलंच, तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यातलं काही नको. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, तर पाणी घालत घालतच लगेच हॉस्पिटल गाठा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ‘स्स्स्’

टर्बो असलेल्या गाडीत, मग ती डिझेल असो वा पेट्रोल, जोर मागितला की टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. तिथला पाइप निसटला किंवा क्लिप ढिली झाली, की हवा बाहेर पळते. आवाज फक्त पिकअप घेताना येतो, गाडी ओढत नाही आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते. टर्बोची बारीक शिट्टी नेहमीचीच असेल, तर घाबरू नका. ती अचानक मोठी झाली, तर मात्र दाखवा.

दुसरी शक्यता एक्झॉस्टची. इंजिनाला जिथे सायलेन्सरचा पाइप जोडलेला असतो, तिथलं गॅस्केट गेलं, की ‘फुस-फुस’ किंवा ‘टिक-टिक’ असा आवाज येतो. सकाळी थंड इंजिनात तो जास्त येतो, गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो आणि कमी होतो. कमी झाला म्हणून सोडून देऊ नका. त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो केबिनमध्ये आला, तर डोकेदुखी, गरगर आणि पुढे बेशुद्धी. काचा खाली करा आणि गाडी थेट गॅरेजला.

सीएनजी असेल तर वेगळा नियम

मुंबई-पुण्यात घरोघरी सीएनजी गाड्या आहेत, म्हणून हे स्वतंत्रपणे. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. कारच्या टायरमधल्या हवेच्या नव्वदएक पट! ‘स्स्स्’ आणि सोबत गॅसचा वास आला, की तिथे निदान वगैरे काही करायचं नाही. इंजिन बंद, सगळे खाली, दारं उघडी, गाडीपासून लांब. लाइटर नाही, सिगारेट नाही, गाडीतलं कुठलंही बटण नाही, आणि मोबाइल लांब गेल्यावरच. सिलिंडरचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत असेल आणि सहज हात पोहोचत असेल, तरच तो बंद करा. मग ११२. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. तुमच्या गाडीच्या सिलिंडरवरची तारीख कधी पाहिली आहेत का? आज बघा.

ज्याला घाबरायचं नाही, तो ‘स्स्स्’

सगळेच आवाज बिघाडाचे नसतात. गाडी बंद केल्यावर काही सेकंद डॅशबोर्डमागून ‘स्स्स्’ येतो. तो एसीचा गॅस असतो, जास्त दाबाच्या बाजूकडून कमी दाबाच्या बाजूला जाणारा. एसी चालू असताना सतत आवाज येतोय आणि थंडावाही कमी झालाय, तरच तपासा. पावसात डबक्यातून गेल्यावर गाडीखालून येणारा ‘चर्र-स्स्स्’ म्हणजे गरम सायलेन्सरवर पडलेलं पाणी. पेट्रोलचं झाकण उघडताना होणारा ‘फुस्’ही नेहमीचाच. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरत राहिला, तर तोही त्याचं काम करतोय.

चला, डिटेक्टिव्ह बनू या

काटा नॉर्मल आहे, ब्रेक ठीक आहे, गॅसचा वास नाही, म्हणजे नुसता आयडलिंगचा ‘स्स्स्’ आहे, तर तुम्ही स्वतः शोध घेऊ शकता. पण आधी तयारी. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बेसमेंटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये नाही. न्यूट्रल, हँडब्रेक. ओढणी, स्टोल, मोकळे केस, हातातलं कडं आणि गळ्यातलं कॉलेजचं आयकार्ड, सगळं आवरून किंवा काढून ठेवा. बेल्ट आणि पंखा कुणाची ओळख बघत नाहीत. घरातलं मोठं कुणीतरी सोबत असू द्या.

आता हत्यार. फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकायला कागदाची सुरळी केली आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. तुम्हाला दोन-तीन फुटांची रबरी नळी पुरे. एक टोक कानाजवळ, दुसरं टोक नळ्यांच्या जोडांजवळून हळूहळू फिरवा, बेल्ट-पंख्यापासून लांब. जिथे ‘स्स्स्’ एकदम मोठा होईल, तिथे थांबा. मोबाइलच्या टॉर्चने नीट बघा. नळी गार असेल आणि हात सहज पोहोचत असेल, तर बोटाने दाबून पाहा. आवाज बंद झाला किंवा आयडलिंग बदललं, तर चोर सापडला!

संशयाच्या जागेवर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकूनही कळतं. वायरिंगपासून मात्र जपून. हवा आत ओढली जात असेल, तर थेंब आत जातात आणि आवाज क्षणभर बदलतो. काही व्हिडिओंमध्ये कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधताना दाखवतात. तो ज्वालाग्राही असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. हा स्टंट तुमच्यासाठी नाही.

आणि सगळ्यात आधी सोप्या गोष्टी बघा. सर्व्हिसिंगनंतरच आवाज सुरू झालाय का? मग ऑइलचं झाकण नीट बसलंय का, डिपस्टिक पूर्ण आत आहे का, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा लागल्या आहेत का, हे पाहा. बऱ्याचदा केस इथेच बंद होते.

काय स्वतः करायचं, काय नाही

इंजिन गार असताना निसटलेली व्हॅक्यूमची नळी परत बसवणं, सैल क्लिप स्क्रू ड्रायव्हरने आवळणं, झाकणं घट्ट करणं, एवढं तुम्ही नक्की करू शकता. नळी टोकालाच चिरली असेल आणि लांबीला वाव असेल, तर तेवढं टोक कापून परत घट्ट बसवता येतं. गॅरेजपर्यंत जायला बारीक व्हॅक्यूम नळीवर इन्सुलेशन टेपही चालते. पण तो प्रथमोपचार झाला, इलाज नाही. नवी नळी घेताना जुनीचा तुकडा दुकानात घेऊन जा, म्हणजे जाडी चुकत नाही.

ब्रेक बूस्टरची नळी, पेट्रोलचा पाइप, कूलंटचा होज आणि सीएनजीचा कुठलाही जोड, या चार जागी टेप, एम-सील, फेविक्विक असला कुठलाही जुगाड चालणार नाही. तिथे फक्त मेकॅनिक.

मेकॅनिकशी बोलायचं कसं?

आवाज गॅरेजमध्ये हमखास लपून बसतो. म्हणून येतो तेव्हाच वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा: आयडलिंग, थोडी रेस, एसी चालू, एसी बंद. आणि मग सांगा:

‘‘दादा, गाडी गरम झाल्यावर सिग्नलला उभी असली की डाव्या बाजूने, मागून ‘स्स्स्’ येतो. रेस दिली की कमी होतो. एसीने फरक पडत नाही. काटा नॉर्मल आहे, कूलंट कमी होत नाहीये. ब्रेकही नेहमीसारखा लागतोय. दहा दिवसांपासून चालू आहे.’’

एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक तुमच्याकडे वळून बघतो. त्याचा तासभर वाचतो आणि तुमचे पैसे. स्कॅनर लावला, तर कोड काय आला ते विचारा आणि लिहून घ्या. लीक डोळ्यांना दिसत नसेल, तर ‘स्मोक टेस्ट होईल का?’ असं विचारा. यात इनटेकमध्ये धूर सोडतात आणि फटीतून तो बाहेर येताना दिसतो. कुठला पार्ट बदलायचा आणि का, हे काम सुरू होण्याआधी विचारा. एस्टिमेट लिहून घ्या, जुना पार्ट परत मागा. यात संशय नाही, सरळ व्यवहार आहे. आणि शोधून काढायचे त्यांनी पैसे लावले, तर कुरकुर करू नका. बिघाड शोधणं हीच खरी कारागिरी आहे, बदलणं सोपं असतं.

आता एक होमवर्क. या रविवारी, गाडी ठणठणीत असतानाच, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन बोनेट उघडा. कूलंटची टाकी कुठली, ब्रेक बूस्टर कुठला, ऑइलचं झाकण कुठलं, ते ओळखा. मग इंजिन सुरू करून पाच मिनिटं नुसतं ऐका, गाणी बंद ठेवून. आपल्या गाडीचा नेहमीचा आवाज कानात बसला, की वेगळा आवाज पहिल्याच दिवशी कळतो. आणि घाटाच्या पायथ्याशी कळलेला ‘स्स्स्’ घाटाच्या मध्यावर कळलेल्या ‘स्स्स्’पेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.